डिग्री हातात आहे, मग परत कौन्सिल कशाला?

या वेळी वकील, डॉक्टर, सीए वगैरेंचं लायसन्स, त्याचं रिन्युअल आणि काम करता करता शिकल्याबद्दलचे क्रेडिट पॉइंट्स यावरच प्रश्नांचा ढीग आलाय, त्यामुळे बाकीचे विषय पुढच्या अंकाला ढकलले आणि हा सगळा कॉलम यालाच दिला. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं नेहमीप्रमाणे काढून टाकलीत.

प्रश्न : लॉ झालं, युनिव्हर्सिटीने पाच वर्षं परीक्षा घेतल्या, आता परत बार कौन्सिलकडे नाव नोंदवा, परत परीक्षा द्या, परत फी भरा. एकाच गोष्टीची दोनदा परीक्षा कशासाठी? (नुकताच पास झालेला वकील)

उत्तर : तुमची चिडचिड कळते, पण ही एकाच गोष्टीची दोनदा परीक्षा नाहीये. डिग्री सांगते की तुम्ही शिकलात. रजिस्ट्रेशन सांगतं की उद्या तुमच्या हातून काही बिघडलं तर तुम्हाला बोलावून जाब विचारणारं कुणीतरी आहे आणि वेळ आली तर तुमचं काम थांबवायचा अधिकार त्याच्याकडे आहे. युनिव्हर्सिटीकडून हे होत नाही. पंधरा वर्षांनी तुम्ही एखाद्या अशिलाचे पैसे दाबून बसलात तर युनिव्हर्सिटी काही डिग्री परत न्यायला येणार नाही.

ब्रिटनमध्ये १८५८ साली मेडिकल ॲक्ट आला आणि डॉक्टरांचं एक सामाईक रजिस्टर सुरू झालं, त्याआधी कॉलेजं, युनिव्हर्सिट्या, जुन्या मंडळ्या सगळे आपापली लायसन्सं वाटायचे आणि लोकांना काही पत्ता लागायचा नाही. त्या कायद्याच्या सुरुवातीलाच कारण दिलंय, की ज्याला उपचारांची गरज आहे त्याला शिकलेला कोण आणि न शिकलेला कोण हे ओळखता यावं. डॉक्टरांचा मान राहावा, त्यांचा धंदा वाढावा असं काही तिथे म्हटलेलं नाही, पेशंटला ओळखता यावं एवढंच. माझ्या मते सगळ्या कौन्सिलांचं खरं काम याच ओळीत आलंय, आणि कुठलाही नियम बरोबर की चूक हे ठरवताना मी आधी तीच ओळ आठवते.

आता परीक्षा कोणी घ्यायची, लायसन्स कोणी द्यायचं, याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. चार्टर्ड अकाउंटंटची भारतातली इन्स्टिट्यूट १९४९ च्या कायद्याने झाली, ती अभ्यासक्रम, परीक्षा, मेंबरशिप, शिस्त सगळं स्वतःच बघते. जर्मनीत डॉक्टरला प्रॅक्टिसचं मूळ लायसन्स राज्य सरकारचं खातं देतं, पण स्पेशालिस्ट व्हायची परीक्षा डॉक्टरांचं चेंबर घेतं, आणि त्या चेंबरचं मेंबर होणं सक्तीचं आहे. भारतात वकिलीची डिग्री युनिव्हर्सिटीची, सनद राज्याच्या बार कौन्सिलची, आणि २०११ पासून वर ऑल इंडिया बार एक्झाम. ही परीक्षा घ्यायचा अधिकार बार कौन्सिलला आहे का यावरून बरीच वर्षं वाद चालला, शेवटी फेब्रुवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने अधिकार आहे असं सांगून तो मिटवला.

फीबद्दलचा तुमचा राग मात्र अगदी रास्त आहे. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४ मध्ये लिहिलीय त्यापेक्षा जास्त एनरोलमेंट फी राज्यांच्या बार कौन्सिलांना घेता येणार नाही, मग ती डेव्हलपमेंट फंड म्हणून असो की प्रोसेसिंग म्हणून. तुमच्या पावतीवर काय काय लावलंय ते एकदा नीट वाचा आणि जास्त घेतलं असेल तर लेखी विचारा.

प्रश्न : आमच्या फील्डमध्ये रजिस्ट्रेशन नसलेले लोक बिनधास्त घरांचे प्लॅन काढतात. कौन्सिलकडे तक्रार केली तर म्हणे आम्ही काही करू शकत नाही. मग आम्ही रजिस्ट्रेशन करून काय मिळवलं? (आर्किटेक्ट)

उत्तर : लायसन्स दोन प्रकारचं असतं हे फार लोकांना माहीत नसतं, कॉलेजातही कुणी नीट सांगत नाही. एकात कामच राखीव असतं, म्हणजे रजिस्टरवर नसलेल्याने ते काम केलं तरी गुन्हा. दुसऱ्यात फक्त बिरुद राखीव असतं, काम कुणीही करा पण स्वतःला ते नाव लावू नका. भारतातला १९७२ चा आर्किटेक्ट्स ॲक्ट दुसऱ्या प्रकारातला आहे. मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं की कलम ३७ मध्ये आर्किटेक्ट हे नाव आणि स्टाइल लावायला बंदी आहे, डिझाइन करायला नाही. तेव्हा कौन्सिलने तुम्हाला टाळलंय असं नाही, कायद्यानेच त्यांचे हात तेवढे लांब ठेवलेत. त्या माणसाने बोर्डवर, व्हिजिटिंग कार्डवर, लेटरहेडवर आर्किटेक्ट लिहिलं असेल तर मात्र फोटो काढा आणि तक्रार करा, ती टिकते.

प्रश्न : कौन्सिल आमच्या फीवर चालते, आम्हीच निवडून दिलेली माणसं तिथे बसतात, आणि तीच माणसं आमच्यावर नोटिसा काढतात. कौन्सिल आमच्या बाजूने नको का उभी राहायला? (डेंटिस्ट, वीस वर्षं प्रॅक्टिस)

उत्तर : डॉक्टर, तुमच्या बाजूने उभी राहायला असोसिएशन आहे. तिने तुमच्यासाठी भांडावं, टॅक्सवर बोलावं, क्लिनिकच्या जाचक नियमांवर मोर्चा काढावा. ज्याच्या हातात लायसन्स द्यायचं आणि काढायचं आहे त्याने तुमच्यासाठी भांडायचं नसतं. जगात खूप ठिकाणी ही दोन्ही कामं एकाच संस्थेत कोंबलीत आणि त्याचे परिणाम लोकांनी भोगलेत, यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे कारण मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

तुमच्याच व्यवसायातलं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या डेंटल बोर्डावर आठ मेंबर, त्यातले सहा प्रॅक्टिस करणारे डेंटिस्ट, डेंटिस्टांनीच निवडून दिलेले. मॉलमधल्या गाळ्यांवर, सलूनमध्ये दात पांढरे करून द्यायला लोकांनी सुरुवात केली, तेही डेंटिस्टपेक्षा स्वस्तात, तेव्हा या बोर्डाने त्यांना धंदा बंद करा म्हणून धडाधड पत्रं धाडली. प्रकरण तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०१५ मध्ये ६ विरुद्ध ३ असा निकाल लागला की ज्या बोर्डाचा ताबा त्याच बाजारात कमावणाऱ्यांकडे आहे, त्यावर सरकारचं खरंखुरं लक्ष नसेल, तर सरकारी बोर्ड म्हणून त्याला स्पर्धा कायद्यातून सूट मिळणार नाही. दात पांढरे करण्यात धोका असतोही, मी नाही म्हणत नाही, पण धोका आहे की नाही हे ठरवणाऱ्याचं स्वतःचं गिऱ्हाईक त्यात तुटत असेल तर त्याच्या निर्णयावर विश्वास कोण ठेवणार?

दुसरं उदाहरण याच्या उलट बाजूचं आणि फार वाईट आहे. ब्रिटनमधला फॅमिली डॉक्टर हॅरोल्ड शिपमन याला जानेवारी २००० मध्ये १५ पेशंटच्या खुनाबद्दल शिक्षा झाली, नंतरच्या चौकशीत खरा आकडा अडीचशेच्या आसपास असल्याचं निघालं. हाच माणूस १९७६ मध्ये पेथिडीन या सवय लागणाऱ्या वेदनाशामक औषधाची खोटी प्रिस्क्रिप्शन्स लिहिल्याबद्दल कोर्टात दोषी ठरला होता, आणि तेव्हा जनरल मेडिकल कौन्सिलने, म्हणजे तिथल्या डॉक्टरांच्या कौन्सिलने, एक ताकीद देणारं पत्र पाठवून प्रकरण मिटवलं होतं. चौकशी करणाऱ्या न्यायाधीश डेम जॅनेट स्मिथ यांनी २००४ च्या रिपोर्टमध्ये कौन्सिलवर कडक टीका केली, रोख असा की ही संस्था पेशंटपेक्षा डॉक्टरांचं हित जास्त सांभाळतेय. त्यानंतर बरंच बदललं. डॉक्टरांनी आपले प्रतिनिधी निवडून द्यायची पद्धत गेली, आज तिथे १२ मेंबर आहेत, निम्मे डॉक्टर आणि निम्मे बाहेरचे. डॉक्टरवरच्या केसचा निकाल द्यायचं काम २०१२ पासून वेगळ्या ट्रायब्युनलकडे आहे. वकिलांच्या बाबतीतही इंग्लंडने २००७ च्या कायद्याने लॉ सोसायटी या वकिलांच्या संस्थेचं प्रतिनिधित्वाचं काम आणि नियंत्रणाचं काम वेगळं केलं.

मी असं नाही म्हणत की कौन्सिलमध्ये व्यवसायातली माणसं नकोतच. रूट कॅनॉल नीट झालं की नाही हे डेंटिस्टच सांगू शकतो, कारकून नाही. पण त्यांच्या बाजूला पेशंटचा विचार करणारी, त्या धंद्यात पैसा न गुंतलेली माणसं तेवढ्याच वजनाने बसली पाहिजेत. तुम्हाला आलेली नोटीस अन्यायाची वाटत असेल तर मुद्देसूद उत्तर द्या, तिथे वकील न्यायची सोय असते, अपील असतं. आपण निवडून दिलेला माणूस आपल्याला वाचवेल ही अपेक्षा मात्र सोडून द्या, कारण जो तुम्हाला वाचवेल तो तुमच्या शेजारच्या बेजबाबदार माणसालाही वाचवणार आहे.

प्रश्न : सीपीईचे, म्हणजे प्रॅक्टिस करताना सक्तीने घ्यायच्या शिक्षणाचे, तास हा शुद्ध टाइमपास झालाय. वेबिनार लावून ठेवतो, म्यूट करतो, फाइल बघत बसतो, शेवटी सर्टिफिकेट येतं. हे बंद का करत नाहीत? (सीए)

हाच प्रश्न एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी आणि एका फार्मासिस्टनेही विचारलाय, त्यामुळे तिघांना एकत्रच.

उत्तर : आधी शिकणं का लागतं ते बघू, मग तासांचं. अनुभव वाढला की माणूस आपोआप चांगला होत जातो असं आपण सगळेच धरून चालतो. डॉक्टरांच्या बाबतीत २००५ साली ६२ अभ्यास एकत्र करून हे तपासलं गेलं, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त अभ्यासांमध्ये चित्र उलटं होतं, प्रॅक्टिसची वर्षं वाढली तशी कामाची गुणवत्ता कमी होत गेलेली दिसली. हे काही आळसामुळे होतं असं नाही. आपण शिकलो तेव्हा जे बरोबर होतं ते बदललेलं असतं आणि रोजच्या कामात आपल्याला कुणी टोकत नाही. शिवाय आपल्याला काय येत नाही हे आपलं आपल्याला नीट कळत नाही, २००६ च्या एका आढाव्यात डॉक्टरांनी स्वतःला दिलेले मार्क आणि बाहेरून तपासून मिळालेले मार्क यांचा मेळ फारसा बसला नव्हता. म्हणून 'मी वाचत असतो, मला कोर्सची गरज नाही' हे उत्तर पुरत नाही, कितीही मनापासून दिलं तरी.

आता तास. बहुतेक कौन्सिलांनी सोपा मार्ग धरला, मोजता येतं ते मोजा. तुमच्या इन्स्टिट्यूटचं प्रॅक्टिस करणाऱ्यांसाठी तीन वर्षांत १२० तासांचं गणित आहे, त्यातले किमान ६० स्ट्रक्चर्ड, म्हणजे ठरवून घेतलेल्या कोर्स-सेमिनारमधले. अमेरिकेत वकिलांना सक्तीचं शिक्षण १९७५ मध्ये मिनेसोटाने आधी आणलं, तिथे तीन वर्षांत ४५ तास. जर्मनीत सरकारी विम्याचे पेशंट बघणाऱ्या डॉक्टरांना पाच वर्षांत २५० पॉइंट, आणि नाही भरले तर पहिल्या चार तिमाहींत मानधनातून १० टक्के कापतात, त्यानंतर २५ टक्के. धाक बसतो यात शंका नाही. पण तास भरल्याने काम सुधारतं का?

थोडं सुधारतं. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २००९ मध्ये ८१ प्रयोग एकत्र तपासले, मीटिंगा आणि वर्कशॉपने डॉक्टरांच्या कामात मधला आकडा धरला तर साधारण ६ टक्क्यांची सुधारणा दिसली. आणि नुसतं भाषण ठेवण्यापेक्षा भाषणाला जोडून करून बघणं, चर्चा करणं असेल तर फरक जास्त पडतो. म्हणजे तुम्ही जे म्यूट करून ठेवता ते फारसं उपयोगाचं नाही हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे, फक्त त्यावरचा इलाज बंद करणं हा नाही.

दोन ठिकाणी वेगळं करून बघितलंय. इंग्लंडच्या सॉलिसिटर्सना, म्हणजे तिथल्या एका प्रकारच्या वकिलांना, आधी वर्षाला १६ तास होते, ते नोव्हेंबर २०१६ पासून काढून टाकले. आता आकडा नाही, आपल्या कामात काय कमी पडतंय ते ओळखा, त्याप्रमाणे शिका, नोंद ठेवा आणि दरवर्षी तसं केल्याचं लेखी द्या. मला हे वाचायला आवडतं पण स्वतःच स्वतःची उणीव ओळखायची यावर ते फारच विसंबून आहे, आणि ते आपल्याला जमत नाही हे वरच आलंय. ब्रिटनमधल्या नर्सेसचं मॉडेल मला जास्त पटतं. २०१६ पासून त्यांना दर तीन वर्षांनी ४५० तास प्रत्यक्ष काम, ३५ तास शिक्षण आणि त्यातले २० तास इतरांबरोबर बसून, कामाबद्दल मिळालेले पाच अभिप्राय, आणि पाच अनुभव लिहून काढायचे. मग हे लिहिलेलं दुसऱ्या एका रजिस्टर्ड नर्ससमोर बसून बोलायचं.

हे पाच अनुभव म्हणजे निबंध नाहीत. समजा रात्रीच्या ड्युटीत एकाच नावाचे दोन पेशंट एका वॉर्डात आले आणि औषधाची ट्रॉली एकाच्या बेडऐवजी दुसऱ्याच्या बेडपाशी थांबली, मनगटावरचा पट्टा वाचला म्हणून चूक टळली. त्यावर अर्धं पान लिहायचं, काय झालं, का झालं, मी काय शिकले, पुढच्या ड्युटीपासून काय बदललं. पेशंटचं नाव लिहायचं नाही. हे दुसऱ्या नर्सला समोर बसून सांगताना जे प्रश्न येतात, पट्टा वाचायची आठवण तुला नेमकी कशामुळे झाली, घाईत असतीस तर काय झालं असतं, ते कुठल्याही वेबिनारमध्ये कुणी विचारत नाही.

तुमची कौन्सिल असं काही मागत नसेल तरी तुम्हाला करायला कुणी अडवलेलं नाही. तुम्ही तिघेही हे करू शकता: वर्षभरात कुठे अडकलात, कुणाला फोन करून विचारावं लागलं, कुठलं काम परत करावं लागलं याची फोनमध्ये एक यादी ठेवा आणि कोर्स त्या यादीवरून निवडा, मार्च-डिसेंबरच्या घाईत जो मिळेल तो नको. सीए असाल तर चार-पाच जणांनी मिळून प्रत्येकाची एक ऑडिट फाइल, नावं झाकून, एकमेकांना तपासायला द्या. दुसऱ्याच्या वर्किंग पेपरमधलं भोक जितक्या पटकन दिसतं तितकं आपल्या फाइलमधलं दिसत नाही. आणि कौन्सिलच्या निवडणुकीत मत मागायला कुणी आलं तर त्याला विचारा, तासांच्या पुढे तुम्ही काय करणार आहात. ऐकणारे सगळे गप्प, अशा हॉलमधल्या भाषणांवर फीचे पैसे किती जातात हेही विचारा.

प्रश्न : औषध कंपनीचा कोर्स फुकट आहे आणि पॉइंटही मिळतात. करावा का? (जनरल प्रॅक्टिशनर)

उत्तर : शक्यतो नको. जर्मनीच्या कायद्यात लिहिलेलंच आहे की पॉइंटसाठीचं शिक्षण आर्थिक हितसंबंधांपासून मुक्त असलं पाहिजे. भारतातही २०२४ च्या औषध मार्केटिंगच्या आचारसंहितेने कंपन्यांनी डॉक्टरांसाठी परदेशात अशा कॉन्फरन्स ठेवायला बंदी केलीय. जावंच लागलं तर दोन गोष्टी आधी विचारा, वक्ता कुणी निवडला आणि स्लाइड्स कुणी बनवल्या. दोन्हीचं उत्तर कंपनी असेल तर ती जाहिरात आहे, तिला पॉइंट मिळतात म्हणून ते शिक्षण होत नाही.

प्रश्न : मुलं लहान होती म्हणून चार वर्षं काम थांबवलं, रिन्युअल राहून गेलं. आता परत सुरू करायचंय, भीती वाटते. (नर्स)

उत्तर : ताई, घाबरू नका, पण लायसन्स चालू होईपर्यंत एक दिवसही काम करू नका, ओळखीच्या हॉस्पिटलने 'चालतंय' म्हटलं तरी नाही. आधी तुमच्या कौन्सिलला लेखी विचारा की नाव रजिस्टरवर आहे की निघालंय, दोन्हीचे मार्ग वेगळे आहेत. बऱ्याच ठिकाणी नाव ठेवणं आणि प्रॅक्टिसची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी असतात, ब्रिटनच्या डॉक्टरांना २००९ पासून तसंच आहे, सीएमध्येही मेंबरशिप वेगळी आणि सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस वेगळं. ब्रिटनमध्ये ४५० तास न भरलेल्या नर्सला परतताना रिफ्रेशर कोर्स किंवा परीक्षा देऊन येता येतं. तुमच्याकडे तशी सोय आहे का तेही त्याच पत्रात विचारा. आणि ज्या अजून ब्रेकवर जायच्या आहेत त्यांनी जायच्या आधीच कौन्सिलला कळवून ठेवावं, नंतरची अर्धी धावपळ वाचते.

प्रश्न : परदेशात नोकरी मिळतेय, तिथली कौन्सिल इथल्या कौन्सिलकडून गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (रजिस्टरवर नाव ठीकठाक आहे याचा दाखला) मागतेय. ते मीच स्कॅन करून पाठवलं तर चालेल का? (फार्मासिस्ट)

उत्तर : बहुतेक ठिकाणी नाही, एका कौन्सिलने दुसरीला थेट पाठवायचं असतं, आणि ते थोडेच महिने चालतं म्हणून फार आधी काढू नका. त्यात तुमच्यावर चालू असलेली तक्रारही लिहिलेली येते. युरोपियन युनियनमध्ये २००५ च्या डायरेक्टिव्हमुळे एका देशातली डिग्री दुसऱ्यात मान्य व्हायचा मार्ग ठरलेला आहे, २०१६ पासून पाच व्यवसायांना ऑनलाइन युरोपियन प्रोफेशनल कार्डही मिळतं आणि त्यात फार्मासिस्ट आहेत, पण ही सोय त्यांच्या आपसातली, तिथेच शिकलेल्यांसाठी. बाहेरून जाणाऱ्याला त्या त्या देशाचे नियम लागतात.

प्रश्न : आम्ही साधी माणसं. समोरचा खरंच रजिस्टर्ड आहे का हे कसं बघायचं, आणि फसलो तर कौन्सिल आमचं ऐकते का? (गृहिणी)

उत्तर : हे सगळं तुमच्यासाठीच आहे, म्हणून तुमचा प्रश्न खरं तर पहिला घ्यायला हवा. बहुतेक कौन्सिलांचं रजिस्टर त्यांच्या साइटवर उघडं असतं. नुसत्या नावाने शोधू नका, एकाच नावाची पन्नास माणसं निघतील, रजिस्ट्रेशन नंबर मागा. नंबर विचारला म्हणून चिडणाऱ्याकडे परत जाऊ नका. सीएने सही केलेल्या कागदावर १८ अक्षर-आकड्यांचा यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख नंबर, असतो, २०१९ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, इन्स्टिट्यूटच्या पोर्टलवर तो टाकला की तो कागद खरंच त्या सीएने दिलाय का ते कुणालाही घरबसल्या कळतं. बँकेत द्यायच्या सर्टिफिकेटवर खोट्या सह्या व्हायच्या त्यासाठी हे आणलं, आणि मला वाटतं कौन्सिलांनी सामान्य माणसासाठी केलेल्या कामांमधलं हे एक फार चांगलं काम आहे.

तक्रार करताना राग बाजूला ठेवून तारखा लिहा. कधी गेलात, काय सांगितलं गेलं, काय केलं गेलं, किती पैसे दिले, त्याची पावती, रिपोर्ट, मेसेज सगळ्यांच्या झेरॉक्स जोडा आणि ओरिजिनल स्वतःकडे ठेवा. शेवटी नेमकं काय चुकलं असं तुम्हाला वाटतं ते दोन-तीन ओळींत. 'हा माणूस नालायक आहे' याने कौन्सिलला काहीच करता येत नाही, 'ऑपरेशनआधी संमतीपत्रावर सही न घेता केलं' याने करता येतं.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, कौन्सिल तुम्हाला सहसा पैसे परत मिळवून देत नाही. ती त्या माणसाला ताकीद देईल, काही काळ लायसन्स थांबवेल, फार गंभीर असेल तर नाव काढेल. नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोगाचा किंवा कोर्टाचा मार्ग वेगळा आणि त्याची मुदत वेगळी, कौन्सिलच्या निकालाची वाट बघत ती घालवू नका, दोन्ही एकदम चालवता येतं. कौन्सिलने तक्रार फेटाळली तर कारणासकट लेखी ऑर्डर मागा आणि अपील कुठे आणि किती दिवसांत करता येतं ते त्याच दिवशी विचारून घ्या.